बदली बाई, बदली सर

आपल्याकडे एखादे सर रजेवर गेले की वर्गाला मॉनिटर मिळतो, नाहीतर स्टाफरूममधल्या कुणाच्या तरी नावावर तो तास चढतो. अगदीच कुणी नसलं तर शेजारच्या वर्गाच्या बाई मधलं दार उघडं ठेवून दोन्हीकडे लक्ष ठेवतात. मुलांच्या दृष्टीने तो ऑफ तास, म्हणजे पर्वणीच. इंग्लंडमध्ये ही सोय नाही. सरकारी नियमांत २००९ पासून स्पष्ट म्हटलंय की गैरहजर सहकाऱ्याचा वर्ग घ्यायला शिक्षकाला क्वचितच सांगावं. त्याआधी २००५ मध्ये आणखी एक नियम आला होता. प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकातला किमान दहा टक्के वेळ पाठांची तयारी आणि तपासणी यांसाठी मोकळा सोडायचा. वर्गशिक्षिका त्या अर्ध्या दिवसात वह्या तपासत बसल्या, तर वर्गापुढे उभं कोण राहणार? आजारपण, बाळंतपणाची रजा, प्रशिक्षणाचे दिवस आणि वर हे तयारीचे तास, अशा सगळ्या भोकांना ठिगळं लावणाऱ्या माणसाला तिथे सप्लाय टीचर म्हणतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये त्यालाच रिलीफ टीचर म्हणतात.

स्लाऊ, हॅरो, हाउन्स्लो, मिल्टन कीन्स या भागांत आता मराठी कुटुंबं चांगलीच रुळली आहेत. नवरा किंवा बायको आयटीत, आणि दुसऱ्याच्या हाती बी.एड. आणि पुण्या-नाशिकच्या शाळेतला आठ-दहा वर्षांचा अनुभव. कुशल कामगाराच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला जवळपास कोणतीही नोकरी करायची मुभा असते, म्हणून गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता हा विषय हमखास निघतो: शाळेत काम हवंय, एजन्सीत नाव नोंदवू की थेट शाळेत जाऊ? बहुतेकजण एका वाक्यात उत्तर देतात आणि ते एक वाक्य बहुधा अर्धवट असतं. माझं उत्तर असं आहे की आधी एजन्सी, मग शाळा. पण एजन्सीत पाऊल टाकताना बाहेर पडायचं दार कुठे आहे ते आधी पाहून ठेवा.

या एजन्सी पूर्वी नव्हत्या. १९८० च्या दशकापर्यंत स्थानिक शिक्षण प्रशासन आपल्या हद्दीतल्या बदली शिक्षकांची यादी ठेवायचं आणि शाळा त्या यादीतून माणूस मागवायच्या. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळांच्या अंदाजपत्रकाची सूत्रं मुख्याध्यापकांच्या हाती दिली. पैसा शाळेकडे गेला, तशा प्रशासनाच्या याद्या विरत गेल्या आणि त्या जागी खासगी कंपन्या आल्या. स्कॉटलंडमध्ये मात्र बदली शिक्षकांच्या याद्या आजही मुख्यतः स्थानिक परिषदाच चालवतात. उत्तर आयर्लंडमध्ये तर सगळ्या प्रांताची मिळून एकच नोंदवही आहे. शाळा त्या ऑनलाइन नोंदवहीतून शिक्षक शोधते, नोंद करते, आणि मधे कुणी दलाल नसतो. म्हणजे ही व्यवस्था दुसऱ्या तऱ्हेनेही चालू शकते. इंग्लंडने ती बाजारावर सोडली.

गिरणगावात वाढलेल्यांना हा बाजार ओळखीचा वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार पहाटे दारावर जमायचे आणि आज कोण आत जाणार हे जॉबर ठरवायचा. त्याची मर्जी सांभाळणं हाही कामाचाच भाग होता. इथे गिरणीचं दार नाही, पण सकाळी सात ते साडेआठ फोन हातात धरून, कपडे करून बसायचं असतं. एजन्सीतल्या माणसाला कन्सल्टंट म्हणतात. तो बहुधा पंचविशीतला, गोड बोलणारा असतो आणि वीसेक शाळा सांभाळतो. सव्वासातला एखाद्या शाळेतून फोन येतो की चौथीच्या बाई आल्या नाहीत. तो आपल्या यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावतो. पहिलं नाव म्हणजे सर्वांत विद्वान शिक्षक नव्हे. पहिल्या रिंगला फोन उचलणारा, गाडी असणारा, "कुठली इयत्ता?" असं न विचारता निघणारा, हे ते पहिलं नाव.

जॉबरपेक्षा एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवावा. काम शोधून देण्याबद्दल काम मागणाऱ्याकडून फी घ्यायला १९७३ च्या ब्रिटिश कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कुणी नोंदणी शुल्क मागितलं तर दुसऱ्या एजन्सीत जावं. एकाच एजन्सीशी बांधून घ्यायचीही गरज नाही. दोन-तीन ठिकाणी नाव असलेलं बरं. फक्त एकाच दिवशी दोघांना होकार देऊ नये, तो मान कायमचा जातो.

मग एजन्सी खाते काय? तर फरक. शाळेला ती एक दर लावते, शिक्षकाला दुसरा देते, आणि मधला तिचा. शाळेला लावलेला दर शिक्षकाला सहसा कळत नाही. यातली खरी गोम मात्र तिसऱ्याच ठिकाणी असते, ती म्हणजे अम्ब्रेला कंपनी. पुष्कळ एजन्सी शिक्षकाला स्वतःच्या पगारपत्रकावर न घेता एका वेगळ्या कंपनीकडे वळवतात आणि कागदोपत्री मालक ती कंपनी होते. "दिवसाला १६० पौंड, अम्ब्रेला रेट" हे ऐकायला छान वाटतं. आता पहिल्या आठवड्याची पेस्लिप उघडू. पाच दिवसांचे ८००. त्यातून अम्ब्रेलाचं शुल्क, आठवड्याला २० धरू, म्हणजे उरले ७८०. आता मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा, जो एप्रिल २०२५ पासून ठरावीक मर्यादेवरच्या रकमेच्या १५ टक्के आहे, तोही याच ७८० मधून जातो, कारण मालकाचा सगळा खर्च त्या १६० मध्येच धरलेला असतो. ते झाले ८९ च्या आसपास. अर्धा टक्का उमेदवारी प्रशिक्षणाचा कर, म्हणजे आणखी साडेतीन. उरले ६८८. म्हणजे दिवसाला १३८. पण थांबा, यात सुट्टीचा पगारही आला. सुट्टीचा भाग १२.०७ टक्क्यांनी मोजतात. तो बाजूला काढला तर मूळ रोजगार दिवसाला १२३ च्या घरात येतो. यानंतर शिक्षकाचा स्वतःचा आयकर, स्वतःचा विमा आणि पेन्शन कापणं अजून बाकीच आहे.

यात बेकायदा काही नाही, म्हणूनच ते नीट समजून घ्यावं लागतं. १६० अम्ब्रेला आणि एजन्सीच्याच पगारपत्रकावरचे १४० यांत १४० चा आकडा मोठा आहे, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. सुट्टीचा पगार वेगळा की आतच, हे विचारायचं. मे महिन्याच्या सुट्टीत खात्यावर काहीच आलं नाही की मगच लोकांना कळतं की सुट्टीचे पैसे दर आठवड्याला थोडे थोडे मिळून केव्हाच खर्चून गेले. एप्रिल २०२० पासून एजन्सीला करारापूर्वी एक माहितीपत्रक द्यावंच लागतं. त्यात हातात किती पडेल याचं उदाहरण आकड्यांनिशी असतं. ते पत्रक ईमेलमध्ये सातव्या नंबरच्या जोडपत्रात दडलेलं असतं. आधी ते उघडायचं.

थेट शाळेने घेतलं तर गणित अगदी सरळ आहे. सरकारी अखत्यारीतल्या शाळेत अल्पमुदतीच्या शिक्षकाला त्याच्या वार्षिक पगाराचा १९५ वा भाग रोजचा म्हणून मिळतो, कारण वर्षाचे कामाचे दिवस १९५ धरले आहेत. लंडनबाहेर अगदी नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२५ पासून ३२,९१६ पौंड आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १६९. मुख्य वेतनश्रेणीच्या वरच्या टोकाला असलेल्या अनुभवी शिक्षकाला तोच हिशेब २३० च्या पुढे नेतो. एजन्सीत मात्र पंधरा वर्षांचा अनुभव आणि पंधरा महिन्यांचा अनुभव यांच्यात पाच-दहा पौंडांचाच फरक पडतो. अकॅडमी म्हणवणाऱ्या शाळांना पगाराच्या बाबतीत थोडं मोकळं रान आहे, तरी बहुतेक त्याच श्रेणीला धरून चालतात.

पेन्शनबद्दल आपली माणसं फार उशिरा विचारतात. थेट नेमलेला बदली शिक्षक शिक्षकांच्या सरकारी पेन्शन योजनेत जाऊ शकतो, आणि त्यात मालक पगाराच्या २८ टक्क्यांहून अधिक रक्कम भरतो. एजन्सीतला शिक्षक त्या योजनेत जाऊच शकत नाही. त्याला साधी कामगार पेन्शन मिळते, ज्यात मालकाचा किमान वाटा तीन टक्के. चार वर्षं "जरा फिरतीवर बरं वाटतं" म्हणून एजन्सीत काढणाऱ्याने हा फरक कधीतरी कागदावर मांडून पाहावा. दोन-चार महिन्यांसाठी त्याचं काही वाटून घेऊ नये.

आता दोन आकडे, बारा आणि चौदा. बारा आठवड्यांचा नियम २०११ पासून लागू आहे. एकाच शाळेत, त्याच प्रकारच्या कामावर बारा आठवडे भरले की एजन्सीच्या शिक्षकालाही मूळ पगार थेट नेमणुकीइतकाच द्यावा लागतो. आठवडा म्हणजे पाच दिवस नव्हे. दर मंगळवारी एकच दिवस गेलात तरी तो आठवडा मोजला जातो. शाळेला सुट्टी लागली की घड्याळ थांबतं आणि शाळा उघडली की पुढे चालू होतं. मधे काम सुटून सहा आठवड्यांहून जास्त खंड पडला किंवा शाळा बदलली, तर मात्र पुन्हा एकपासून. म्हणून डायरी हवी. कुठली शाळा, कुठली तारीख, कुठला वर्ग, एवढंच. अकराव्या आठवड्यात "तुम्हाला आता दुसरी एक छान शाळा देतो" असा फोन आला तर तो योगायोगही असेल. नियम चुकवण्यासाठी मुद्दाम हलवणं कायद्याला मंजूर नाही, पण ते सिद्ध करायला तारखाच कामी येतात. तेराव्या आठवड्यात दर आपोआप वाढेल या भरवशावर कुणी राहू नये. कन्सल्टंटला लेखी विचारावं आणि आपण थेट असतो तर कुठल्या वेतनपायरीवर असतो तेही लिहावं.

चौदाचा आकडा शाळेच्या बाजूचा आहे. शाळेला एजन्सीतून आलेला शिक्षक आवडला आणि तिने त्याला थेट घ्यायचं ठरवलं, तर एजन्सी शाळेकडून फी मागते. या फीच्या भीतीने कितीतरी नेमणुका अडतात. मुख्याध्यापिका म्हणतात, "तुम्ही आम्हाला हव्या आहात, पण तुमच्या एजन्सीचं आम्हाला परवडत नाही." इथे बाई हिरमुसून घरी येतात आणि गोष्ट तिथेच संपते. खरं तर त्या फीला मुदत आहे. शाळेत पहिल्यांदा कामाला गेल्यापासून चौदा आठवडे, किंवा शेवटचं काम संपल्यापासून आठ आठवडे, यांतली जी तारीख नंतरची असेल ती उलटली की एजन्सीला फी मागता येत नाही. हे २००३ च्या नियमांत आहे. शिवाय २०१८ पासून शाळांसाठी एक सरकारी खरेदी व्यवस्था आहे. त्यातल्या एजन्सीला आपला वाटा किती हे शाळेला दाखवावं लागतं, आणि बारा आठवड्यांनंतर चार आठवड्यांची सूचना देऊन शिक्षकाला फीशिवाय घेता येतं. मुख्याध्यापिकेला हे ठाऊक असेलच असं नाही. तिच्या डोक्याला शंभर व्याप असतात. शाळेच्या बिझनेस मॅनेजरला मात्र बहुधा ठाऊक असतं. बोलणी तिथे करावीत.

एजन्सीला शिव्या घालणं सोपं आहे आणि मला ते पटत नाही. नव्या देशात, नव्या गावात, कुणीही ओळखत नसताना शाळेत आत शिरणं जवळपास अशक्य असतं. गुन्हेगारी नोंदींची तपासणी, मुलांसोबत काम करायला बंदी नाही ना याची खातरजमा, मागच्या मालकांचे संदर्भ, भारतात राहिल्यामुळे लागणारा पोलिसांचा दाखला, पदवीची समकक्षता, एवढं सगळं गोळा करून तपासणं हे काम एजन्सी करते आणि शाळेला लेखी कळवते. एका दिवसासाठी कुठली शाळा हे स्वतः करेल? नागपूरच्या एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात, शाळेचा ईमेल कुणी उघडत नाही, आणि संदर्भ यायला दोन महिने जातात. त्यामुळे निघण्यापूर्वीच शाळेच्या लेटरहेडवर अनुभवपत्र, आणि फोन उचलेल अशा वरिष्ठाचं नाव, एवढं हातात असावं.

याच टप्प्यावर एक खड्डा आहे. भारतीय बी.एड. पाहून एजन्सी अनेकदा म्हणते, "सध्या तुम्हाला कव्हर सुपरवायझर म्हणून पाठवतो." कव्हर सुपरवायझर म्हणजे शिक्षक नव्हे. त्याने दिलेलं काम मुलांकडून करून घ्यायचं आणि वर्ग शांत ठेवायचा. शिकवणं, पाठ आखणं, तपासणं ही त्याची कामं नाहीत, आणि पगारही त्याच मानाने कमी. सुरुवात म्हणून हे वाईट नाही. तिथला वर्ग, तिथली मुलं, "सर, हे मला समजत नाही" याऐवजी "हे कंटाळवाणं आहे" असं तोंडावर सांगणारी तेरा वर्षांची पोरं, या सगळ्याची सवय होते. पण तीन आठवड्यांनी त्याच दरात "जरा हा धडाही शिकवा" असं सुरू झालं तर तिथे बोललं पाहिजे. इंग्लंडमधली शिक्षक पात्रता, जिला तिथे क्यूटीएस म्हणतात, तिच्यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण झालेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. गणित, विज्ञान किंवा भाषा हे विषय अकरा ते सोळा वयोगटाला शिकवणाऱ्यांसाठी हे दार उघडलं. पात्रता नसतानाही परदेशी प्रशिक्षित शिक्षकाला चार वर्षांपर्यंत शिकवता येतं, पण ती वर्षं भराभर सरतात. अर्ज पहिल्याच वर्षी करून टाकलेला बरा. आणखी एक: एजन्सीच्या रोजंदारीवर कुणाला व्हिसा मिळत नाही. तो हवा असेल तर शाळेची थेट नोकरीच लागते.

थेट शाळेत काम मिळवायचं म्हणजे काय करायचं? माध्यमिक शाळेत कव्हर मॅनेजर नावाची व्यक्ती असते. सकाळी सात वाजता आजच्या रजा फळ्यावर मांडणारी तीच. मुख्याध्यापकांना लिहिलेलं लांबलचक पत्र वाया जातं, कव्हर मॅनेजरला लिहिलेल्या चार ओळी कामी येतात: कुठला विषय, कुठले वार, किती मिनिटांत पोहोचू शकता, तपासणीची कागदपत्रं तयार आहेत. प्राथमिक शाळेत हा माणूस म्हणजे ऑफिसमधल्या बाई. तिथे तयारीच्या वेळेसाठी दर आठवड्याला तोच अर्धा दिवस कुणीतरी हवं असतं, आणि नियमित कामाची ही सर्वांत चांगली वाट आहे, कारण तीच मुलं, तोच वर्ग. अनेक शाळा मिळून चालवणाऱ्या ट्रस्टकडे स्वतःची बदली शिक्षकांची यादी असते. एकदा तिथे नाव लागलं की पाच-सहा शाळांचं काम एजन्सीविना मिळू शकतं. मात्र ज्या शाळेत तुम्हाला एजन्सीने नेलं, तिथे फीची ती मुदत संपण्याआधी स्वतःहून "मला थेट घ्या" म्हणून जाऊ नये. करार वाचला तर ते का, हे लगेच कळेल.

पण एजन्सीतून गेलात काय किंवा थेट काय, शाळा पुन्हा बोलावते ती दिवस कसा गेला यावरून. आठ वाजून वीस मिनिटांनी सही, फोटो, गळ्यात पट्टा. बहुतेक शाळांत पाहुण्यांच्या पट्ट्याचा रंग वेगळा असतो, म्हणजे मुलांना आधीच कळतं. हातात पडते ती एक फाइल: बसण्याचा नकाशा, घंटेच्या वेळा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाला मधेच बाहेर जाऊ द्यायचं, गोंधळ झाला तर कुणाला बोलवायचं. कधी आखलेला पाठ तयार असतो, कधी फक्त "पान ४२" अशी चिठ्ठी. हजेरीचा तात्पुरता पासवर्ड चालत नाही, हे ठरलेलंच. तोवर पांढऱ्या कागदावर हजेरी घ्यायची. मुलं दोन मिनिटांत ठरवतात की आज ऐकायचं की नाही. आवाज चढवणाऱ्याचा दिवस लांबतो. दारात उभं राहून प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" म्हणणाऱ्याचा थोडा सोपा जातो.

आणि शेवटी, साडेतीनला मुलं गेल्यावर लगेच गाडीकडे धावायचं नाही. वर्गशिक्षिकेसाठी एक पान लिहून टेबलावर ठेवायचं: काय झालं, काय राहिलं, भागाकारात कुठले चौघे अडकले, जेवणाच्या सुट्टीत कुणाचं भांडण झालं. वह्या त्या शाळेच्या रीतीप्रमाणे तपासायच्या आणि बदली शिक्षकाने तपासल्याची खूण करायची. आजारातून उठून आलेल्या बाईंना तो कागद मिळतो आणि पुढच्या वेळी त्या कव्हर मॅनेजरला सांगतात, "मागच्या वेळी आल्या होत्या, त्याच मिळतील का बघा." एजन्सीच्या यादीत वरचं नाव व्हायची ही खात्रीची युक्ती आहे, आणि पुढे थेट नेमणुकीचं बोलणं निघतं तेही इथूनच.

कॅलेंडरही समजून घ्यायला हवं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडतात तेव्हा सगळे ताजेतवाने असतात, कुणी रजेवर नसतं, आणि नव्या बदली शिक्षकाला वाटतं की आपल्यालाच काम मिळत नाहीये. नोव्हेंबरपासून सर्दी-ताप सुरू झाला की मार्चपर्यंत फोन थांबत नाही. जूननंतर मोठे वर्ग परीक्षा देऊन मोकळे होतात आणि माध्यमिक शाळांतली गरज पुन्हा ओसरते. म्हणून एजन्सीची कागदपत्रं ऑगस्टमध्येच पुरी करून ठेवावीत. आणि शाळांना थेट पत्रं पाठवायची तर जूनच्या अखेरीस, कारण पुढच्या वर्षाची वेळापत्रकं तेव्हाच मांडली जातात आणि तयारीच्या वेळेचे ते अर्धे-अर्धे दिवस कुणाला द्यायचे, हेही तेव्हाच ठरतं.